उपकारस्तुती

उपकारस्तुती : देवाने केलेला उपकार ओळखून तो उघडपणे बोलून दाखवण्याची ख्रिस्ती रीत. मराठी ख्रिस्ती समाजात माणसांचे ‘आभार’ मानतात, देवाची ‘उपकारस्तुती’ करतात. मराठी पवित्र शास्त्रात स्तोत्रांमध्ये ‘उपकारस्मरण’ हा शब्दही येतो (स्तोत्र १३६). स्मरण आणि स्तुती ही दोन्ही पदे मूळ कल्पनेच्या जवळची आहेत, कारण बायबलमधील कृतज्ञता ही मनातली भावना असण्याआधी तोंडाने दिलेली कबुली आहे.

शब्द व उगम : ‘आभारी आहे’ याला नेमका जुळणारा शब्द प्राचीन हिब्रूत नाही. ‘होदा’ या क्रियापदाचा अर्थ कबूल करणे, मान्य करणे असा आहे. त्यापासून झालेले ‘तोदा’ हे नाम स्तुती आणि अर्पण या दोन्हींसाठी वापरले जाते. तोदा-अर्पणाचा विधी लेवीय ७:११–१५ मध्ये आहे. पशूबरोबर बेखमीर पोळ्या, तेल लावलेल्या बेखमीर चपात्या, तेलात मळलेल्या सपिठाच्या पोळ्या आणि शिवाय खमिराची भाकर आणायची. प्रत्येक प्रकारातली एक याजकाला द्यायची. मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. नवसाच्या अर्पणाचे मांस मात्र दुसऱ्या दिवशीही चालत असे. मिश्नात (यहुदी धर्मनियमांचा जुना संग्रह; मनाहोत ७) याचे माप दिले आहे : एकूण २० इस्सारोन (धान्य-पिठाचे माप) पीठ, पैकी १० इस्सारोनाच्या १० खमिराच्या भाकरी आणि उरलेल्या १० इस्सारोनाच्या तीन प्रकारच्या ३० बेखमीर पोळ्या. इस्सारोन साधारण २ लिटरांचे धरले, तर हे पीठ ४० लिटरांच्या घरात जाते. याजकाला चार गेल्यावर उरलेल्या ३६ पोळ्या-भाकरी आणि पशूचे मांस एका कुटुंबाला सकाळ होण्याआधी संपवणे अशक्यच. शेजारीपाजारी, गरीबगुरीब बोलवावेच लागत, आणि ही पंगत का घातली हे त्यांना सांगावे लागे. उपकाराची कबुली चारचौघांत व्हावी, याची सोय मुदतीतच केलेली दिसते.

ग्रीकमधील ‘युखारिस्तिया’ (उपकारस्तुती; प्रभुभोजनाचेही नाव) हा शब्द तोदातून आला की यहुदी भोजनाच्या आशीर्वचनातून (बराखा), हा वाद जुना आहे. मार्क १४:२२–२३ मध्ये भाकरीसाठी ‘आशीर्वाद देऊन’ आणि प्याल्यासाठी ‘उपकारस्तुती करून’ अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. लूक २२ मध्ये दोन्ही ठिकाणी ‘उपकारस्तुती करून’ हेच क्रियापद आहे. अभ्यासकांपैकी झां-पॉल ओदे यांनी १९५८ मध्ये दोन्ही शब्द एकाच बराखाची भाषांतरे मानली. टॉमस टॅली यांनी हे समीकरण नाकारले : यहुदी भोजनोत्तर प्रार्थनेत आधी अन्नाबद्दल देवाला धन्य म्हटले जाते आणि आभार दुसऱ्या कडव्यात येतात, तर ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेच्या १० व्या प्रकरणात आभारच पहिले आहेत. हा क्रमबदल अजाणता झालेला दिसत नाही. हार्टमुट गेझे यांनी प्रभुभोजनाचे मूळ थेट तोदाच्या पंगतीत शोधले. प्रार्थनेचा साचा भोजनोत्तर आशीर्वचनाचा आणि त्यातला कबुलीचा भर तोदाचा, असे मानणे अधिक सुरक्षित वाटते. दिदाखेचा काळ सामान्यतः पहिल्या शतकाचा शेवट ते दुसऱ्याचा आरंभ असा धरतात; संपूर्ण ग्रीक पाठ मात्र १०५६ मध्ये लिहिलेल्या एकाच हस्तलिखितात आहे, तेव्हा शब्दाशब्दावर फार भार टाकू नये.

‘सर्व स्थितीत’ : थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१८) ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे आहे. इथले ग्रीक शब्दयोगी अव्यय ‘मध्ये’ या अर्थाचे आहे, ‘बद्दल’ या अर्थाचे नाही, आणि मराठी भाषांतराने ते नेमके पकडले आहे. इफिसकरांस ५:२० मध्ये मात्र ‘बद्दल’ आहे. दोन्ही वचने एकच समजून शोकाच्या घरी मृत्यूबद्दलच आभार मानायला लावणे ही चूक आहे आणि ती दुखावते. अशा वेळी मृताच्या आयुष्याबद्दल, त्याने केलेल्या कामाबद्दल उपकारस्तुती करावी.

माणसांचे आभार : नव्या करारात उपकारस्तुतीचे ग्रीक क्रियापद बहुतेक देवासाठीच येते. रोमकरांस १६:४ हा ठळक अपवाद : जिवावर उदार झालेल्या प्रिस्क व अक्विल्ला यांचे आभार पौल आणि परराष्ट्रीयांच्या सर्व मंडळ्या मानतात. फिलिप्पैकरांस ४:१०–२० मध्ये एपफ्रदीताच्या हाती आलेल्या देणगीची पोच आहे, पण ‘आभार’ हा शब्द नाही. पौल देणाऱ्यांचे कृत्य सविस्तर सांगतो आणि स्तुती देवाकडे वळवतो. उलट लूक १८:११ मधील परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ असेच सुरू करतो आणि पुढे शेजाऱ्याला कमी लेखतो. मंडळीत साक्ष देताना हीच घसरण होते : वाक्याचा कर्ता हळूहळू देवाऐवजी ‘मी’ होतो.

नित्याची रीत : जेवणाची प्रार्थना एकाने करावी, सर्वांनी ‘आमेन’ म्हणावे. देणारा, अन्न, रांधणारे हात आणि उपाशी माणसे यांचा उल्लेख झाला की ती पुरी होते. ताटे वाढून झाल्यावर लांबवू नये. धर्मसुधारक लूथरच्या १५२९ च्या लघुप्रश्नोत्तरीत जेवणाआधी व जेवणानंतर अशा दोन प्रार्थना आहेत. दुसरी आज बहुतेक घरांतून गेली आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात (८:१०) ‘तृप्त झाल्यावर’ धन्यवाद सांगितला असल्याने ही उणीव मोठी आहे. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या रात्रीच्या आत्मपरीक्षणातही पाच पायऱ्यांपैकी पहिली आभारांची आहे, पापांची झडती त्यानंतर.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वाढदिवस, आजारातून उठणे, परीक्षेतील यश, नवे घर अशा निमित्ताने उपासनेत उपकारस्तुतीचे दान देतात. लिफाफ्यावर नाव आणि कारण लिहून तो उपासनेआधी द्यायचा असतो. कारणाची ओळ कोरी राहिली, की पाळकांना नाव आणि रक्कम एवढेच वाचता येते आणि मंडळीला उपकार कळतच नाही. ‘शस्त्रक्रियेनंतर घरी परतले’ एवढे तीन शब्दही पुरतात. कॅथलिक कुटुंबे याच निमित्तांनी मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करवून घेतात.

पिकाची उपकारस्तुती : अनुवाद २६ मधील प्रथमपिकाची टोपली हा तिचा आधार. इंग्लंडमधील आजच्या रूपाचा आरंभ सामान्यतः रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ मध्ये मॉरवेन्स्टो येथे केलेल्या उपासनेशी जोडतात. मुंबई व परिसरातील ईस्ट इंडियन या कॅथलिक समाजाचा ‘आगेरा’ हा पिकाचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. नावाचे मूळ शेत या अर्थाच्या लॅटिन-पोर्तुगीज शब्दात मानले जाते. भाताच्या नव्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये आणतात, आशीर्वादानंतर घरोघर वाटतात. गोव्यात कणसांचे फेस्त ऑगस्टमध्ये, गावागणिक वेगळ्या तारखेला होते. राय येथे ५ ऑगस्टला. शेती उरलेली नाही अशा गावठाणांत लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या हंगामाच्या सणात धान्य, भाज्या, कोंबड्या, नारळ वेदीपुढे मांडून उपासनेनंतर लिलाव करतात. नाशवंत जिन्नस आधी काढावेत. आलेल्या मालाचा एक वाटा लिलावाआधीच गरजू घरांसाठी बाजूला ठेवावा. अनुवाद २६:११ मध्ये लेवी (उपासनेची सेवा करणारे, स्वतःची जमीन नसलेले कूळ) आणि उपरी यांना आनंदात सामील करून घ्यायला सांगितले आहे, आणि बोली लावणे त्यांना परवडणारे नसते.