तलावाजवळचं शेत म्हणजे बारमाही पाणी?

"तलावाकाठी शेत घ्या, विहीर कधीच आटत नाही", हा फॉरवर्ड शहर सोडून गावाकडं येऊ पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर कित्येक वर्षं फिरतोय. पाणी डोळ्यासमोर दिसतं, त्यामुळं असं वाटणं साहजिकच आहे.

पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे बहुतेक जुने मालगुजारी तलाव (पूर्वीच्या जमीनदारांच्या काळातले) आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, पावसाच्या पाण्यावर भरतात आणि ते पाणी धानासाठीच साठवलेलं असतं. पावसानं दडी मारली की बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यांना, पाणी सोडतात, मग उरलेलं उन्हानं उडतं, म्हणून मे महिन्यात कितीतरी बोड्यांत नुसता भेगाळलेला चिखल दिसतो. दुसरं म्हणजे तलावाच्या तळाला गाळ बसलेला असतो, त्यातून पाणी फार हळू झिरपतं, आणि खाली कठीण खडक असेल तर पाणी फक्त त्याच्या भेगांमधूनच सरकतं. तुमच्या बोअरला तीच भेग लागेल असं नाही ना! तलावाच्या पाळीच्या (मातीच्या बांधाच्या) खालच्या बाजूच्या विहिरींना पाझराचा फायदा बऱ्यापैकी मिळतो, वरच्या अंगाच्या शेताला तो मिळेलच असं नाही, आणि हा फरक फॉरवर्डमध्ये कुठंच नसतो.

शेत बघायला दिवाळीत नका येऊ हो, तेव्हा सगळंच हिरवं असतं. मेच्या मध्यात या, शेजारच्या दोन-तीन विहिरींत दोरीला दगड बांधून सोडा, किती हात पाणी आहे ते मोजा, मोटर किती वेळ चालते ते त्याच शेतकऱ्याला विचारा. सातबाऱ्यावर सिंचनाचं साधन काय लिहिलंय तेही बघा.