पिटबुल आणि घरातली लहान मुलं: आगाऊ रक्कम देण्याआधी वाचा

"पिटबुल घ्यायचाय, घरात मुलं आहेत, चालेल ना?" हा प्रश्न आमच्याकडे, म्हणजे कुत्रा निवडायला आणि सांभाळायला मदत करणाऱ्यांकडे, येतो तेव्हा पिल्लू बहुतेक वेळा पाहून झालेलं असतं, कधी ॲडव्हान्सही गेलेला असतो. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं नंतर. घरात आठ वर्षांखालचं मूल असेल तर आम्ही नको म्हणतो. हा तुमचा आयुष्यातला पहिला कुत्रा असेल तरीही नको म्हणतो. दोन्ही लागू असेल तर पिटबुल निवडून देण्याचं काम आम्ही घेत नाही. कुत्रा आधीच घरात आला असेल तर मात्र जरूर या, खाली दिलेली दारांची मांडणी लावायला मदत करतो.

पिटबुल म्हणजे नक्की कोणता?

बाजारात या एका नावाखाली चार-पाच प्रकार विकले जातात. अमेरिकन पिटबुल टेरियर हा मूळ प्रकार. अमेरिकेच्या युनायटेड केनेल क्लबने १८९८ पासून त्याची नोंद ठेवली. त्यांच्या मापानुसार नर १६ ते २७ किलो, मादी साधारण १३ ते २३ किलो. अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर आणि स्टॅफर्डशायर बुल टेरियर हे त्याचे सख्खे-चुलत. अमेरिकन बुली हा अलीकडचा, रुंद छातीचा आणि वजनदार. आपल्याकडे "प्युअर पिटबुल" म्हणून मिळणारं पिल्लू पुष्कळदा यांची सरमिसळ असते आणि मोठं होऊन ३५ किलोंच्या पुढे जातं. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत अमेरिकन पिटबुल टेरियर नाहीच, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर आहे. त्यामुळे कागदावर एक नाव आणि तोंडी दुसरं असा व्यवहार सर्रास चालतो. विकणारा "पेपरवाला पिटबुल" म्हणाला तर कागदावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

यांचे पूर्वज इंग्लंडात बैलांवर सोडायचे कुत्रे. १८३५ मध्ये तिथे त्या खेळावर बंदी आली, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांच्या झुंजी सुरू केल्या आणि बुलडॉग-टेरियरचा संकर वाढला. पैदाशीत पिढ्यान् पिढ्या निवड झाली ती धरलं की न सोडण्याची, आणि दुखलं तरी मागे न हटण्याची.

"सगळं संगोपनावर असतं" हे कितपत खरं?

अर्धं. २०२२ मध्ये "सायन्स" नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकात जातीचा वाटा सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे नुसत्या जातीवरून अमुक कुत्रा तापट आणि तमुक गरीब असं सांगता येत नाही. मात्र चावण्याची शक्यता आणि चावल्यावर होणारं नुकसान हे दोन वेगळे हिशोब आहेत. घाबरलेला पॉमेरेनियन टचकन चावतो आणि पळतो. पिटबुल धरून ठेवतो आणि मान झटकतो. पहिल्यात टाके पडतात, दुसऱ्यात मांस फाटतं. लहान मुलाचं तोंड आणि गळा नेमके कुत्र्याच्या उंचीवर असतात.

दोन समज इथेच खोडून टाकू. पिटबुलचा जबडा "लॉक" होत नाही, त्यात तसा कुठलाही खटका नसतो. तो सोडत नाही कारण त्याला सोडायचं नसतं. आणि जुन्या काळी हा कुत्रा मुलं सांभाळायला ठेवत, ही फेसबुकवर फिरणारी गोष्ट दंतकथा आहे.

अडचण येते कुठून

पिटबुल घरच्या मुलांवर जीव टाकतो, हे खरंच आहे. बहुतेक पिटबुल माणसांच्या बाबतीत कमालीचे लाडके असतात, अंगावर रेलून बसतात. पण जुलै २०२२ मध्ये लखनौत जिचा जीव गेला ती मालकाची म्हातारी आई होती. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूणला सात वर्षांचा मुलगा गेला, जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेला ११ वर्षांचा मुलगा जखमी झाला. ही दोन्ही मुलं परक्या घरची. कुत्रा ज्याचं ऐकतो त्याच्यावर संकट आलं नाही, आलं ते इतरांवर. म्हणून आम्ही घरात आल्यावर कुत्र्याच्या स्वभावाइतकीच चौकशी इतरांची करतो. आजी-आजोबा सोबत राहतात का? कामाच्या मावशींकडे किल्ली असते का? मे महिन्यात भाचे-पुतणे किती दिवस राहायला येतात?

आता एक प्रसंग बारकाईने पाहा. टू-बीएचके फ्लॅट, दुपारचे साडेतीन. कुत्रा हॉलमध्ये हाड चघळत पडलाय. स्कूल व्हॅन येते, बेल वाजते. आजी दार उघडतात. नात आणि तिची मैत्रीण दप्तरं टाकून ओरडत आत धावतात. कुत्रा ताडकन उठतो, हाड तोंडात. मैत्रीण कौतुकाने त्याच्या गळ्यात हात टाकते. कुत्रा थिजतो. तोंड घट्ट मिटलेलं, मान न वळवता डोळे तिच्याकडे, डोळ्याची पांढरी कोर दिसतेय. हे दोन-तीन सेकंद टिकतं आणि आजींची पाठ हॉलकडे असते. या प्रसंगात वाईट कुणीच नाही. चूक तीन ठिकाणी झाली: हाड मोकळ्या हॉलमध्ये दिलं, शाळा सुटायच्या वेळी कुत्रा बंद जागी नव्हता, आणि पाहुण्या मुलीला कुणी काही सांगितलं नव्हतं.

दुसरी अडचण रागाची नसून उत्साहाची असते. २५ किलोचा कुत्रा आनंदाने उडी मारतो तेव्हा १५ किलोचं मूल आडवं होतं. मूल किंचाळतं, हातपाय झाडतं, कुत्रा आणखी चेकाळतो. पकडापकडी आणि चेंडूफेक घरात बंद ठेवा. ओढाओढीचा खेळ खेळायचा तर मोठ्यांनीच, दोन-तीन मिनिटं, आणि "सोड" म्हटल्यावर चिकनचा तुकडा देऊन दोरी परत घ्यायची.

तिसरी अडचण गल्लीतली. विकणारा ही सहसा सांगत नाही. पिटबुल पिल्लू असताना कुठल्याही कुत्र्याशी खेळतं. दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान तो पक्का होतो आणि त्या सुमारास अनेकांना दुसरा कुत्रा खपेनासा होतो. आपल्या गेटबाहेर चार-पाच भटकी कुत्री असतातच. ती भुंकत अंगावर आली, पट्टा मुलाच्या हातात असला, तर मूल फरपटत जातं किंवा मधे सापडतं. पट्टा धरणारा सोळा वर्षांवरचा आणि कुत्र्याला खरोखर आवरू शकणारा हवा. पट्टा सहा फुटी सपाट, लांब-आखूड होणारा दोरीचा नको. "चल मागे" म्हटल्यावर जागेवर गर्रकन वळण्याचा सराव घरातच रोज वीस वेळा करून घ्या. हातात बटणाची छत्री ठेवा. भटक्या कुत्र्यांसमोर ती फाडकन उघडली की बहुतेक थबकतात आणि तुम्हाला दहा सेकंद मिळतात. मात्र तुमच्या कुत्र्याला छत्रीची सवय आधी घरी करा.

दारांची मांडणी

आमच्या मते पिटबुल सांभाळणं म्हणजे निम्मं काम दारांचं. मुख्य दार आणि कुत्रा यांच्यामध्ये नेहमी दुसरं एक दार किंवा जाळी हवी. फ्लॅटमध्ये पॅसेजच्या तोंडाशी किमान चार फुटी लोखंडी गेट, भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं. स्प्रिंगवर दाबून बसणारं बेबी गेट हा कुत्रा एका धडकेत पाडतो. बंगल्याला सहा फूट कंपाउंड आणि फाटकाखालची फट बंद. पिंजरा ४२ इंची, आत गादी. शिक्षा म्हणून त्यात कधीच कोंडायचं नाही, नाहीतर त्या जागेचाच तिटकारा बसतो आणि गरजेच्या वेळी कुत्रा आत जात नाही.

जेवण बंद दाराआड, पंधरा मिनिटं, मग भांडं उचलायचं. हाडं आणि चघळायच्या वस्तू फक्त पिंजऱ्यात. मूल पाच वर्षांखालचं असेल तर कुत्रा मोकळा असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर असलं पाहिजे. सोफ्यावर मोबाइल बघत बसलेलं माणूस यात धरत नाही.

जाळीच्या मुसक्याची, म्हणजे बास्केट मझलची, सवय सगळ्यांनी करावी. पहिले पाच दिवस आत दही लावून नुसतं चाटू द्या, पट्टा बांधू नका. मग पाच सेकंद बांधा, आणि पंधरवड्यात दहा मिनिटांपर्यंत न्या. कापडी घट्ट मुसकं उन्हात घालू नका. त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही.

कुत्रा गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं ही त्याची पूर्वसूचना आहे. मार देऊन ती बंद केली की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. मुलाला शांतपणे बाजूला घ्या, काय घडलं ते लिहून ठेवा आणि प्रशिक्षकाला बोलवा.

मुलांना दोनच गोष्टी पाठ करून द्या, झाड आणि कासव. कुत्रा अंगावर आला तर झाड: हात अंगाशी, नजर पायाशी, आवाज नाही. खाली पडलो तर कासव: पोटावर पालथं, गुडघे आत, बोटं मानेमागे गुंफलेली. खेळासारखं करून घेतलं तर चार वर्षांचं मूलही शिकतं.

पिल्लू की मोठा कुत्रा?

मुलं आठ वर्षांपुढची असतील आणि घरच्यांनी आधी कुत्रा सांभाळला असेल, तर दोन वर्षांवरचा, स्वभाव कळलेला कुत्रा पिल्लापेक्षा बरा. पिल्लू पुढे कसं निघेल ते कुणालाच सांगता येत नाही.

कुत्रा पाहायला किमान तीनदा जा, पहिल्यांदा मुलांशिवाय. पंजे, कान, शेपूट हाताळू देतो का पाहा. दहा फुटांवर स्टीलचं ताट खाली टाका. दचकला तर चालेल, पण पाच-दहा सेकंदांत सावरून वास घ्यायला आला पाहिजे. दुसऱ्या भेटीत पट्ट्यावर ठेवून वीस फुटांवरून दुसरा कुत्रा न्या. तिसऱ्या भेटीत पंधरा फुटांवरून मूल आधी चालवा, मग हळू पळवा. सैल अंग आणि मऊ, उघडं तोंड ही चांगली लक्षणं. ताठ शेपूट आणि रोखलेली नजर दिसली तर तिथेच थांबा. एक फसगत नेहमीची: नव्या जागी आलेला कुत्रा पहिले काही दिवस बिचकून गप्प असतो आणि शांत वाटतो. त्याला तिथे येऊन तीन आठवडे झाल्याशिवाय ही पाहणी करू नका.

पिल्लूच घ्यायचं असेल तर आठ आठवड्यांआधी नको. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तरी ३५-४० दिवसांची पिल्लं विकली जातात. भावंडांत खेळताना किती जोरात चावलं की खेळ मोडतो, हे पिल्लू त्याच आठवड्यांत शिकतं. लवकर तोडलेल्या पिल्लाला दात आवरता येत नाहीत. आई प्रत्यक्ष पाहा. तिला बांधून दुसऱ्या खोलीत ठेवलं असेल तर परत फिरा. कान कापलेलं पिल्लू घेऊ नका.

खर्चाचं थोडक्यात: २५ किलोच्या कुत्र्याला रोज साधारण ३५० ते ४०० ग्रॅम कोरडं खाद्य, म्हणजे महिन्याला साडेदहा ते बारा किलो. या जातीत त्वचेच्या ॲलर्जी आणि डेमोडेक्स या त्वचेतल्या सूक्ष्म किड्यामुळे होणारी खरूज वारंवार दिसते, पावसाळ्यात गोचिडाचा ताप वेगळा. रोज तासभर दमवणारा व्यायाम हवा, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत.

कायदा आज कुठे आहे

केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ ला राज्यांना पत्र पाठवून पिटबुलसह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. गोवा विधानसभेने २०२५ मध्ये हिंस्र ठरवलेल्या जातींवर नियंत्रण आणणारं विधेयक मंजूर केलं. गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्येच पिटबुलवर बंदी घातली होती. नियम गावागणिक वेगळे आहेत आणि बदलतात, म्हणून कुत्रा घेण्याआधी तुमच्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात चौकशी करून परवान्याचं विचारा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली, प्राण्यापासून धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

धरलंच तर

ओढू नका. ओढल्याने जखम फाटते. एका मोठ्या माणसाने मागून कुत्र्याच्या दोन्ही बाजूंना पाय देऊन त्याला मांड्यांत आवळावं, गळपट्ट्यात हात घालून डोकं स्थिर धरावं आणि गळपट्टा पिळत वर उचलावा. श्वास अडला की जबडा सुटतो. सुटताक्षणी दाराआड.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. रक्त जोरात वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि लगेच रुग्णालय गाठा. रक्त आलेल्या जखमेला रेबीज लशीसोबत जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं औषध) लागतं, ते डॉक्टरांकडे स्वतःहून विचारा. स्नायूतल्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४, २८. त्वचेतल्या लशीचे ०, ३, ७, २८. घरचा कुत्रा आहे, त्याचं लसीकरण झालंय, म्हणून लस टाळू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा.

आमच्याकडे येताना

पहिली भेट साधारण ४५ मिनिटांची, फक्त मोठ्यांसाठी. दिवसातला जास्तीत जास्त वेळ जे घरी असतात त्यांनी आलंच पाहिजे, मग त्या आजी असोत की कामाच्या मावशी. घराचा साधा नकाशा कागदावर काढून आणा: दारं कुठे, बाल्कनी कुठे, मुलं कुठे झोपतात. राखण किंवा हल्ल्याचं प्रशिक्षण आम्ही पिटबुलला देत नाही.