क्वांटम डॉट फ्रेट सेन्सर

क्वांटम डॉट म्हणजे सेमीकंडक्टरचे 2 ते 10 नॅनोमीटरचे क्रिस्टल, बहुतेकदा आत कॅडमियम सेलेनाइड आणि वरून झिंक सल्फाइडचं कवच. यूव्ही टॉर्च मारला की बारीक डॉट निळे-हिरवे चमकतात, मोठे लाल, माल तोच, फरक फक्त साइजचा. 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना याच कामासाठी मिळालं.

फ्रेट म्हणजे फॉर्स्टर रेझोनन्स एनर्जी ट्रान्सफर. यात डोनर, म्हणजे देणारा, आपली ऊर्जा प्रकाश न सोडता सरळ शेजारच्या घेणाऱ्याला, म्हणजे अ‍ॅक्सेप्टरला देऊन टाकतो, पण त्यासाठी डोनरचा एमिशन स्पेक्ट्रम (सोडलेल्या प्रकाशाचे रंग) अ‍ॅक्सेप्टरच्या अ‍ॅब्सॉर्प्शनवर, म्हणजे तो शोषतो त्या रंगांवर, पडायला हवा आणि दोघं साधारण 10 नॅनोमीटरच्या आत हवेत. खरी गंमत अंतराच्या सहाव्या घातात आहे: 5 नॅनोमीटरला 50 टक्के ऊर्जा जात असेल तर 10 ला जेमतेम दीड टक्का! म्हणून हे दोघं ज्या प्रोटीनवर बसवलेत ते जरा वळलं किंवा तुटलं तरी सिग्नल बदलतो.

डोनर म्हणून साधा डाय (चमकणारा रंग) घेतला तर अडचण अशी की डोनरला पेटवायला जावं तर अ‍ॅक्सेप्टरही थोडा पेटतोच. डोनर म्हणून डॉट घेतला तर तो आपल्या एमिशनपेक्षा निळ्या बाजूचा, म्हणजे कमी वेव्हलेंग्थचा, कुठलाही प्रकाश घेतो, त्यामुळे अ‍ॅक्सेप्टर जिथे फारसं शोषत नाही अशी वेव्हलेंग्थ निवडता येते, शिवाय एका डॉटवर बरेच अ‍ॅक्सेप्टर बसतात, म्हणजे एकाने 50 टक्के होत असेल तर तेवढ्याच अंतरावर पाच बसवले की 83.

2003 मधे अमेरिकेत मेडिन्ट्झ आणि सहकाऱ्यांनी केलेला माल्टोज या साखरेचा सेन्सर बघा. डॉटवर माल्टोज पकडणारं प्रोटीन, त्याच्या खाचेत आधीच प्रकाश विझवणारा डाय जोडलेलं सायक्लोडेक्स्ट्रिन (साखरेच्या कड्यासारखा रेणू), म्हणून डॉट मंद. माल्टोज आलं की ते ती जागा घेतं, डाय सुटून जातो आणि डॉट परत चमकायला लागतो. प्रोटिएझ, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम, शोधायला डॉट आणि डाय यांच्या मधे पेप्टाइडचा (प्रोटीनच्या लहान तुकड्याचा) धागा ठेवतात, तो कापला गेला की तेच.

नुसता उजेड कमी झाला म्हणून फ्रेट झालं असं समजू नका, डॉट गुठळ्या होऊनही मंदावतात. डोनरची लाइफटाइम, म्हणजे चमक टिकण्याचा वेळ, कमी झालेली दिसली तर पुरावा बराच भक्कम, आणि ती मोजायला सहसा पल्स लेझर लागतो. इंदूरला लेझर म्हटलं की आपल्याला कॅट, म्हणजे राजा रामण्णा सेंटर हे लेझर संशोधन केंद्रच आठवतं, तेव्हा होळकर कॉलेजातून फिजिक्स करणाऱ्या आपल्या मुलांनी हा भाग मनापासून वाचावा.

डॉट अ‍ॅक्सेप्टर म्हणून तितका चालत नाही, कारण तो स्वतःच पेटतो. त्यावर उपाय म्हणून टर्बियम या धातूचा डोनर घेतात, त्याची चमक मिलिसेकंदभर टिकते, डॉटची स्वतःची नॅनोसेकंदात संपते, मग थोडं थांबून मोजायचं. डॉटवरच्या जाड कोटिंगने अंतर वाढून सिग्नल पडतो, आणि कॅडमियम विषारी असल्यामुळे आता इंडियम फॉस्फाइडचे डॉटही वापरतात.