बाबेल्सबर्ग

जर्मनीतील पॉट्सडॅम शहराचा पूर्वेकडील भाग. बर्लिनहून एस-७ या लोकलने येथे सहज पोहोचता येते. नोवावेस हे येथील जुने गाव प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५१ मध्ये बोहेमियातून आलेल्या विणकरांसाठी वसवले. वेबरप्लाट्झ चौकाजवळ विणकरांची बैठी घरे अजून उभी आहेत. १९३८ मध्ये नोवावेस व नॉयबाबेल्सबर्ग एक होऊन ‘बाबेल्सबर्ग’ झाले आणि पुढच्याच वर्षी ते पॉट्सडॅममध्ये सामील झाले.

चित्रपट येथे आला तो आगीच्या धास्तीने. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई. त्यामुळे बर्लिनच्या दाट वस्तीत स्टुडिओ चालवणे अवघड झाले होते. १९११ मध्ये कॅमेरामन गीडो झेबर याला कृत्रिम फुलांचा एक बंद कारखाना व भोवतालची मोकळी जमीन येथे सापडली. दिवसाच्या उजेडात चित्रण व्हावे म्हणून शेजारी काचेचा स्टुडिओ बांधला गेला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये आस्टा नील्सन या अभिनेत्रीच्या चित्रपटाचे काम सुरू झाले. पुढे ‘उफा’ या चित्रपट कंपनीच्या काळात ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) येथेच घडला. मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज उभारणारे हिमांशू राय व देविका राणी यांनी त्याआधी उफात काम केले होते. मुंबईच्या त्या उपनगराचे बाबेल्सबर्गशी असे नाते आहे.

मार्च १९३३ मध्ये उफाने आपल्या ज्यू कलावंत-तंत्रज्ञांना काढून टाकण्याचा ठराव केला. या स्टुडिओच्या इतिहासातील ही सर्वांत काळी नोंद आहे आणि तेथील वैभवाबरोबर ती सांगितलीच पाहिजे. युद्धानंतर पूर्व जर्मनीची ‘डेफा’ (१९४६) ही चित्रपट कंपनी येथे काम करू लागली. १९९२ मध्ये स्टुडिओ खासगी मालकीचा झाला. चित्रीकरण मात्र थांबले नाही.

फिल्मपार्क ही तिकीट काढून पाहण्याची जागा मुलांना आवडते. इतिहासात रस असणाऱ्याने मात्र आधी पॉट्सडॅममधील जुन्या राजेशाही तबेल्यातले चित्रपट संग्रहालय पाहावे, मग ग्रिबनित्झसे स्थानकावर उतरून तळ्याकाठी चालावे. १९४५ च्या पॉट्सडॅम परिषदेवेळी ट्रुमन, चर्चिल व स्टालिन याच परिसरातील बंगल्यांत उतरले होते. १९६१ नंतर या काठावरूनच बर्लिनची भिंत गेली आणि रहिवाशांना घराजवळचे तळे १९८९ पर्यंत बंद झाले.