उपग्रहाकडून ठिकाण: एक घड्याळातून, एक उजेडाच्या फरकातून

पावसाळ्याच्या तोंडावर भाचा इंदूरला आला होता. लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवर मी डिशचा सैल झालेला बोल्ट आवळत होतो आणि हा कठड्यावर बसून फोनमधलं जीपीएसचं ॲप न्याहाळत होता. ॲपमध्ये एकेका उपग्रहापुढे उभा बार आणि त्यावर ३८, ४१, २७ असे आकडे. खाली घरात टीव्हीच्या पडद्यावर सिग्नल पाहायला मी जे पान उघडून ठेवलं होतं, तिथेही असेच बार. "मामा, म्हणजे जो उपग्रह जवळ त्याचा बार मोठा. त्यावरून फोन हिशेब करतो आणि आपण कुठे ते काढतो. असंच ना?"

असंच नाही. पण त्याला हसण्याचा मला अधिकार नव्हता. मी बरीच वर्षं बँकांच्या एटीएमसाठी व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाशी जोडणाऱ्या छोट्या डिश बसवल्या आहेत आणि सुरुवातीची काही वर्षं माझीही समजूत साधारण अशीच होती. ही चूक चिवट असण्याचं कारण म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलच्या ताकदीवरून ठिकाण काढायची पद्धत खरोखरच आहे. फक्त ती जीपीएसची नाही. आणि जिथे ती आहे, तिथेही "जवळ म्हणून जोरदार" हा हिशेब चालत नाही.

आधी जीपीएसचं उरकू, कारण ते बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. भाच्याला म्हटलं, फोन तळहाताने झाक. त्याने झाकला. बार धडाधड खाली आले, चाळिशीतले आकडे तिशीच्या आसपास. नकाशावरचा निळा ठिपका मात्र गच्चीवरच. ताकदीवरून ठिकाण निघत असतं तर ठिपका एव्हाना देवासच्या पुढे जायला हवा होता.

जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून एवढंच सांगत असतो: माझ्या अणुघड्याळात आत्ता इतके वाजले, आणि मी इथे आहे. अगदी डोक्यावरच्या उपग्रहाचा हा निरोपही फोनपर्यंत यायला ६७ मिलिसेकंद घेतो. किती वेळ लागला यावरून अंतर. एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं क्वार्ट्झचं असल्याने त्याची चूक हीसुद्धा एक अज्ञात संख्या धरावी लागते. म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही, चार लागतात. सापेक्षतेमुळे उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ते आधीच जुळवून घेतलं नसतं तर दिवसाकाठी ११ किलोमीटरचा घोळ झाला असता.

वेळेवरून ठिकाण ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. इंदूरपासून तासाभरावर उज्जैन. जुन्या ज्योतिषाची मध्यरेखा तिथून जायची आणि इंदूर त्या रेषेच्या जेमतेम आठ-दहा किलोमीटर पूर्वेला. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं, पण स्थानिक वेळ वेगळी असते. त्या फरकावरून मध्यरेखेपासूनचं देशांतर, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर, काढायची रीत सूर्यसिद्धांतात दिली आहे. जीपीएस त्याच घराण्यातलं. ग्रहणाच्या जागी आता उपग्रहाचा संकेत आला, इतकंच.

मग बार कशासाठी? कोणत्या उपग्रहाच्या वेळेवर किती विसंबायचं, हे ठरवायला. अंधूक ऐकू येणाऱ्याचं म्हणणं थोडं कमी धरायचं. बार फारच खाली गेला तर तो उपग्रह सुटतो. ताकदीचं काम तिथे संपतं.

आता दुसरी पद्धत. खरी गंमत हिच्यात आहे.

दळणवळणाचे भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी टांगल्यासारखे असतात. भारताचा जीसॅट-११ घ्या. ५ डिसेंबर २०१८ ला एरियन-५ रॉकेटने फ्रेंच गयानातल्या कुरूहून गेला, वजन ५,८५४ किलो, जागा ७४ अंश पूर्व. इंदुरातून पाहिलं तर दक्षिणेला किंचित पश्चिमेकडे, क्षितिजापासून सुमारे ६३ अंशांवर. टीव्हीचे उपग्रह साधारणपणे देशभर एकच रुंद झोत टाकतात. हा तसं करत नाही. वापरणाऱ्यांसाठी त्याचे ३२ वेगवेगळे बीम आहेत, जणू ३२ टॉर्च, आणि प्रत्येक टॉर्चचा उजेड देशाच्या एकेका तुकड्यावर. सॅटेलाइट फोनचे उपग्रह याहून पुढे जातात. २००५ मध्ये पहिला उपग्रह गेलेल्या इन्मारसॅट-४ मालिकेत एकेका उपग्रहाचे सुमारे २०० बारीक बीम आहेत.

एका बीममध्ये राहूनच इंदुरातून कोटाकडे निघालात, २७० किलोमीटर उत्तरेला गेलात, तर उपग्रहापासूनचं अंतर सव्वाशे किलोमीटरने वाढतं. ३६,००० मध्ये सव्वाशे! त्याने ताकदीत पडणारा फरक एक टक्क्याहूनही कमी. मोबाइलच्या टॉवरपासून दूर गेलं की सिग्नल पडतो ही आपली सवयीची समजूत इथे काहीच कामाची नाही. ताकद घटते ती तुम्ही टॉर्चच्या उजेडाच्या मधोमध नसून कडेला गेलात म्हणून. अंतर जवळपास तेवढंच राहतं, कोन बदलतो. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं.

बीमचा उजेड मधून कडेकडे कसा मंदावतो याचं ठोकळ सूत्र असं: बीमची रुंदी एक धरली, तर केंद्रापासून त्या रुंदीच्या जितक्या अंशावर तुम्ही आहात त्याचा वर्ग करायचा आणि १२ ने गुणायचं. तेवढे डेसिबल घट (डेसिबल हे ताकदीतला फरक मोजायचं माप). रुंदी ३०० किलोमीटर धरली तर काठावर, म्हणजे केंद्रापासून १५० किलोमीटरवर, घट ३ डेसिबल. म्हणजे ताकद निम्मी. केंद्रापासून ३० किलोमीटर सरकलात तर मात्र घट फक्त ०.१२ डेसिबल, ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेच ३० किलोमीटर १२० वरून १५० वर जाताना एक डेसिबलहून जास्त घेतात. मधोमध उभ्या असलेल्याला आपण नेमके कुठे हे सगळ्यात कमी कळतं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उलटंच वाटलं होतं.

शिवाय एका बीमच्या ताकदीवर विसंबण्यात दुसरी मोठी अडचण आहे. इंदुरात जुलैमध्ये ढग फुटल्यासारखा पाऊस लागला की केयू बँडचे, म्हणजे डिश ज्या लहरींवर चालते त्यांचे, काही डेसिबल पावसातच विरतात. झाडाची फांदी, डिशवरची धूळ, वाऱ्याने जरा फिरलेली डिश, सगळ्यांचा हिस्सा त्यात. ताकद कमी झाली ती तुम्ही कडेला आहात म्हणून की पाऊस आहे म्हणून, एका आकड्यावरून कसं सांगणार?

म्हणून एका बीमची ताकद मोजून थांबत नाहीत. शेजारच्या बीमचीही मोजतात आणि दोन्हींचा फरक घेतात. चष्म्याची काच मळली तर गल्लीतले दोन्ही दिवे सारखेच मंद दिसतात, पण त्यातला कोणता किती जास्त उजळ आहे हे बदलत नाही. तसंच हे. दोन्ही बीम एकाच उपग्रहातून, त्याच वाटेने, त्याच पावसातून येतात. पाऊस दोघांचं जवळपास सारखंच खातो आणि वजाबाकीत निघून जातो.

गणिताच्या बाजूने वजाबाकीचा आणखी एक फायदा होतो, आणि तो मला अजूनही सुंदर वाटतो. दोन वर्गांची वजाबाकी केली की वर्ग उडतो आणि साधी सरळ रेषा उरते. उदाहरण म्हणून समजा (हे बीम माझे काल्पनिक आहेत, कुठल्याही उपग्रहाचे नाहीत) एका बीमचं केंद्र इंदूर, दुसऱ्याचं सागर, तिसऱ्याचं कोटा. तिन्ही गावं एकमेकांपासून सरळ अंतराने साधारण ३०० किलोमीटरवर, छान त्रिकोण. इंदूर आणि सागरच्या बीमची ताकद सारखी आली तर तुम्ही दोघांच्या बरोबर मधल्या रेषेवर आहात. ती रेषा भोपाळवरून जाते. इंदूरचा बीम ५ डेसिबलने वरचढ निघाला तर रेषा इकडे सरकते, आष्ट्याच्या आसपास. दर किलोमीटरला ०.०८ डेसिबल, असा सरळ हिशेब. मधोमध असा की काठावर, हा दर बदलत नाही. मग इंदूर आणि कोटाच्या बीमची अशीच दुसरी रेषा काढायची. दोन्ही जिथे छेदतात तिथे तुम्ही.

आता ०.०८ हा आकडा उलटा करून पाहा. फरक मोजण्यात एका डेसिबलची चूक झाली की ठिकाण १२-१३ किलोमीटर सरकतं. जीपीएस मोकळ्या आकाशाखाली पाचएक मीटरच्या आत असतं. दोघांची तुलना सोनाराचा काटा आणि धान्याचा काटा यांच्यासारखी आहे.

चुकांची जातही वेगळी. जीपीएसला त्रास होतो तो परावर्तनाचा. सिग्नल शेजारच्या इमारतीवर आपटून आला की वाट लांबते, वेळ वाढते आणि ठिपका रस्त्याच्या पलीकडे जातो. बीमच्या पद्धतीत परावर्तन वेगळा खेळ करतं. शेजारशेजारचे बीम मुद्दाम वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर ठेवलेले असतात. हातातल्या छोट्या ॲन्टेनावर एक फ्रिक्वेन्सी परावर्तनामुळे फुगते, दुसरी दबते, आणि फरकात चार-पाच डेसिबल सहज शिरतात. म्हणजे ५०-६० किलोमीटर. उपाय एकच: बराच वेळ मोजून सरासरी. उपग्रह स्वतः ०.०५ अंशाने कलला तर त्या उंचीवरून सगळे बीम जमिनीवर तीसेक किलोमीटर सरकतात. ही चूक मात्र सगळ्यांना सारखीच लागते. त्यामुळे ज्यांची जागा पक्की माहीत आहे अशी काही टर्मिनलं, म्हणजे उपग्रहाशी बोलणारी जमिनीवरची उपकरणं, देशभर ठेवली की ती पकडता येते.

भाच्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. इतकं ओबडधोबड आहे तर जीपीएस सोडून हे करायचं कशाला?

उत्तर कोण कोणाला सांगतं, यात आहे. जीपीएसचं ठिकाण तुमच्या खिशात तयार होतं. उपग्रहाला तुमचा पत्ताच नसतो, तो फक्त बोलतो. तुमच्या उपकरणाने पाठवलं तरच नेटवर्कला कळतं, आणि उपकरण खोटंही पाठवू शकतं. नेटवर्कला मात्र ठिकाण हवं असतं: कोणता बीम द्यायचा, कॉल आला तर कोणत्या बीममध्ये हाक मारायची, हा वापरणारा सीमेच्या अलीकडे आहे की पलीकडे. भारतात सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय वापरता येत नाही, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. टर्मिनलने कळवलेले ताकदीचे आकडे रचता येतात, हे खरं. पण टर्मिनल बोलताना त्याचा आवाज उपग्रहाच्या कोणकोणत्या बीममध्ये किती जोराने ऐकू आला हे उपग्रहाच्या बाजूने मोजलं, तर ते खोटं पाडणं फार अवघड जातं. साध्या फोनला उपग्रहाशी जोडणारे, मोबाइलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेचे नियम २०२२ मध्ये पक्के झाले. त्यांनी फोनमध्ये जीपीएससारखी सोय गृहीत धरली आणि नंतरच्या आवृत्तीत नेटवर्कने स्वतंत्र पडताळणी करण्याची वाट काढली. तिथला मुख्य भर सिग्नलच्या जाण्यायेण्याच्या वेळेवर आहे आणि अपेक्षा ५ ते १० किलोमीटरची. कारण तेवढ्यावरून देश आणि जिल्हा कळतो.

एक गल्लत अजून. ८ मार्च २०१४ ला बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या विमानाचं ठिकाण "उपग्रहाच्या सिग्नलच्या ताकदीवरून" शोधलं, असं मी चहाच्या टपरीवर अनेकदा ऐकलंय. नकाशावरच्या त्या प्रसिद्ध कमानी उपग्रहामार्फत आलेल्या हाकेला विमानाकडून उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून निघाल्या होत्या. एकच उपग्रह, एकच अंतर, म्हणून ठिपका न मिळता कमान मिळाली. ताकदीचा त्यात वाटा नव्हता.

खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं थोडं निराळं. सॅटेलाइट फोनसाठीच्या इरिडियमचे ६६ उपग्रह ७८० किलोमीटरवरून पळतात, प्रत्येकाचे ४८ बीम. तिथे तुम्ही स्थिर आणि टॉर्च फिरतो. एकेक बीम तुमच्यावरून सरकत जातो, ताकद चढते, उतरते, आणि शिखराचा क्षणच उपग्रहाच्या मार्गावर तुम्ही कुठे हे सांगून जातो. ताकद मोजायला गेलात आणि पुन्हा घड्याळापाशी आलात. भाचा यावर खूश झाला, "म्हणजे मी अर्धा बरोबर होतो!" मी त्याच्या हातात स्पॅनर दिला आणि खाली जाऊन टीव्हीवरचे बार बघायला सांगितलं. ते बार आम्ही इंदुरात आहोत की वडोदऱ्यात हे सांगणार नव्हते, बोल्ट नीट आवळला गेला की नाही एवढंच.