जनरेटरवरची ट्यूब आणि सुटकेचा दिवा : कारखान्यांतील आपत्कालीन प्रकाशाची पार्श्वभूमी

वीज जाताच आपोआप लागणाऱ्या दिव्यांची सोय साखर कारखान्यांच्या पॉवरहाऊसमध्ये जुनीच. ११० व्होल्टची डीसी बॅटरी, एसी पुरवठा जाताच सुटणारा कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा स्विच) आणि पॅनेलसमोर आपोआप लागणारे बल्ब. सातारा, कुपवाड, पलूसकडच्या बहुतेक फाउंड्री आणि मशीन शॉपपर्यंत मात्र ती पोचली नाही.

२००५ च्या सुमारास भारनियमन वाढले आणि शेडोशेडी जनरेटर आले. त्याच वेळी एक पायंडा पडला: काही ट्यूब जनरेटरच्या फीडरवर (वीज पुरवणाऱ्या लाइनवर) घ्यायच्या आणि कागदोपत्री त्यांनाच आपत्कालीन दिवे म्हणायचे. यामागे कारण होते. रोज तासन्‌तास वीज जात असताना दिव्यातली छोटी बॅटरी रोज रिकामी होणार, मग ती टिकणार कशी? मुद्दा खरा, पण काढलेला मार्ग चुकीचा. आपोआप सुरू होणारा जनरेटरही भार घ्यायला १०-१५ सेकंद घेतो. चेंजओव्हर, म्हणजे मेनवरून जनरेटरवर वीज वळवणे, हाताने करायचा असेल तर काही मिनिटे जातात. छताला तेव्हा मर्क्युरी किंवा मेटल हॅलाइडचे दिवे असत. ते विझले की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत: मर्क्युरीला पाचेक मिनिटे, मेटल हॅलाइडला दहा किंवा अधिक. म्हणजे जनरेटर चालू आणि शेड अंधारी. तेवढ्यात वितळलेल्या लोखंडाचे लॅडल (ओतायचे भांडे) अधांतरी असते, ग्राइंडरचा दगड फिरत असतो. सगळ्यात मोठा धोका वेगळाच: आग मेन पॅनेललाच लागली, तर जनरेटरची वीजही त्याच पॅनेलमधून येणार.

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने हिशेब स्पष्ट केला: वीज गेल्यापासून ५ सेकंदांत प्रकाश, किमान ९० मिनिटे, सुटकेच्या वाटेच्या मध्यरेषेवर जमिनीवर १० लक्स (प्रकाशाचे माप). युरोपीय मानकात हाच आकडा १ लक्स आहे. त्यामुळे आयात फिटिंगच्या तक्त्यातले दोन फिटिंगमधले अंतर तसेच उचलले की आपल्याकडे प्रकाश अपुरा पडतो, आणि हे लक्समीटर जमिनीवर ठेवल्याशिवाय कळत नाही.

एलईडी हायबे (उंच छताचे दिवे) आल्यावर दिवे पुन्हा पेटण्याचा खोळंबा संपला आणि "आता जनरेटर पुरे" हा समज उलट पक्का झाला. आत बॅटरी असलेली फिटिंग आता सगळीकडे मिळतात, पण जोडणीत घोळ होतो. फिटिंगची सप्लाय त्या भागातल्या दिव्यांच्याच सर्किटवरून, स्विचच्या आधी घ्यावी. ती मेन बोर्डावरून घेतली आणि नुसता त्या भागाचा एमसीबी (बिघाड झाल्यास आपोआप तुटणारा स्विच) पडला, तर फिटिंगला वीज मिळतच राहते आणि दिवा लागत नाही. साप्ताहिक सुट्टीला मेन बंद करण्याची पद्धत असेल तर फिटिंग दर आठवड्याला पूर्ण रिकामी होते. त्या सर्किटला वेगळा, कायम चालू फीडर हवा. भट्टीजवळ ट्रसला (छताच्या सांगाड्याला) फिटिंग टांगू नये. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते. भिंतीवर २ मीटरच्या थोडे वर बसवली तर ती थंड राहते आणि प्रकाशही धुराखाली राहतो.

दरमहा सप्लाय तोडून दिवा लागतो का ते पाहावे. वर्षातून एकदा पूर्ण ९० मिनिटांची चाचणी घ्यावी, तीही सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटची पाळी सुटल्यावर, कारण बॅटरी पुन्हा भरायला २४ तास लागतात.