पत्रा सडलाय की चासी थकलीय?

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की आमच्या भागात वेल्डिंगच्या दुकानापुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागते. येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: हिच्यावर खर्च करू, की भंगारात घालून दुसरी घेऊ? बहुतेक जण याचं उत्तर ट्रॉलीच्या तळाला पडलेल्या भोकांत शोधतात, आणि तिथंच फसतात. जुनी ट्रॉली दोन तऱ्हांनी जाते. एकीचा पत्रा सडतो, दुसरीची चासी, म्हणजे ओझं पेलणारा खालचा सांगाडा, थकते. लांबून दोन्ही सारख्याच गंजक्या आणि खडखडणाऱ्या दिसतात. पहिलीवर पैसे जरूर घालावेत. दुसरीवर घातलेले पैसे वाया तर जातातच, पण भर रस्त्यात ती कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

पत्रा सडतो तो ओलीनं आणि खारानं. शेणखत, मळी, पावसातली माती कोपऱ्यांत साचून राहते. पोटॅशच्या फाटक्या पोत्यातून सांडलेला चुरा त्याहून वाईट, कारण ते पोटॅशियम क्लोराईड असतं आणि मिठासारखंच लोखंड खातं. मग तळाला भोकं पडतात, फाळक्याच्या (ट्रॉलीच्या उघडणाऱ्या बाजूच्या) खालच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात, बिजागऱ्या धरतात. हे बघून माणूस घाबरतो. पण पत्र्याचं काम माल धरून ठेवायचं. वजन पेलतात ते खालचे चॅनल, म्हणजे चासीच्या लोखंडी तुळया. १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. म्हणजे १० बाय ६ फुटांच्या तळाला ३ मिमी पत्रा टाकायचा तर साधारण १३० किलो लोखंड लागेल. त्याला आजचा दर लावा, मजुरी धरा, हिशेब तुमच्यासमोर आहे. टायर, बेअरिंग, हूकची पिन यांचंही तसंच: झिजतात, बदलतात, त्यावरून ट्रॉली मोडीत काढू नये.

चासीचं दुखणं मात्र चोरपावलानं येतं. दर खेपेला ओझं चढतं, खड्ड्यात आदळतं, उतरतं. वर्षानुवर्षं असं वाकून-सरळ होऊन लोखंड थकतं आणि केसासारखी चीर पडते. ती पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: ट्रॅक्टरला अडकवायची दांडी जिथं चासीला जोडलेली असते ते मूळ, पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर, आणि ॲक्सलची बैठक. रंगावर तांबूस बारीक रेघ उमटली असेल तर तारेच्या ब्रशनं घासून बघाच. ट्रॉलीवर नुकताच रंग मारला असेल तर ही रेघ दिसणारच नाही, म्हणून मला रंगवलेल्या जुन्या ट्रॉलीपेक्षा गंजकी ट्रॉली जास्त प्रामाणिक वाटते.

चीर दिसली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. एकच चीर असेल, आणि ती कधी ट्रॉली कलंडल्यानं किंवा धडकेनं पडलेली असेल, तर तिच्या टोकाला भोक पाडून ती थांबवता येते आणि वर निमुळत्या टोकांची पट्टी बसवता येते. पण गेल्या साली मारलेल्या वेल्डिंगच्या शेजारीच यंदा नवी चीर आली असेल, तर ते लोखंड थकलं आहे. तिथं पट्टीवर पट्टी चढवू नका. पट्टीनं तेवढीच जागा ताठ होते आणि पुढची चीर पट्टी संपते तिथून सुरू होते. उसानं भरलेल्या ट्रॉलीची दांडी चढावर तुटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

चासी वाकली आहे का हे टेपनं कळतं. दोनचाकी ट्रॉलीत दांडीच्या कडीपासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. चारचाकीत चासीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक पडला किंवा एकच टायर एका कडेनं खात असेल, तर सांगाडा नाहीतर ॲक्सल तिरका झालाय.

खरा घोळ मधल्या ट्रॉल्यांचा असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. पत्रा आणि चॅनल यांच्या फटीत तो फुगत जातो, वेल्डिंग उकलतो आणि खालच्या चॅनलला लागतो. वरून सडका पत्रा एवढंच दिसतं. माझ्या घरची ट्रॉली मी विकायलाच निघालो होतो. तळ उचकटला तेव्हा चॅनल टोकदार हातोडीखाली खणखण वाजले, आणि ती आजही ऊस ओढते. चॅनलचा आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले, तर उलटा निर्णय घ्या. पण तळ काढल्याशिवाय कुठलाच निर्णय नको.

खर्चाची तुलना नव्या ट्रॉलीशी करू नका. तेवढ्याच वयाची, पण धड चासीची ट्रॉली कितीला मिळते ते विचारा, त्यातून तुमच्या ट्रॉलीचे भंगाराचे पैसे वजा करा. दुरुस्ती त्याच्या अर्ध्यावर गेली तर मी तरी हात आखडता घेतो.

दुरुस्ती ठरली तर ट्रॅक्टर आधी सोडवा, आणि वेल्डिंगची अर्थिंग (करंट परत नेणारी वायर) कामाच्या जागेजवळच लावायला सांगा. ती चाकाला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला बारीक खड्डे पडतात. कागदांचंही बघा. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. चासी नंबर ज्या चॅनलवर कोरला आहे तोच कापायचा असेल, तर गॅस कटर पेटवण्याआधी आरटीओत जाऊन या.